कर्त्याची मंजुरी

पांढुर्णा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

वडिलांच्या जागी असलेल्या गुणवंत मामाजींना हेमंतचा पाया पडून नमस्कार.

रामाकोन्यात सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. मामीजींचा गुडघा आता कसा आहे? त्या तेलाने फरक पडला की घरभर नुसता वासच पसरला? बागेतली गळ थांबली का? संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला, व्यापारी बांधावर येऊन बसलेले, अशा वेळी तुमच्या हातात हे आठ पानी बाड देताना मला लाज वाटते, पण नाइलाज आहे. तुम्ही म्हणाल, भाच्याकडे चांगला फोन असताना हा कागद-पेन घेऊन काय बसला. मामाजी, फोन आहे म्हणूनच कागद घेऊन बसलो. फोनवर मी पैशाचं काहीही केलं की ते घराच्या कर्त्याला कळतं, आणि आमच्या घराचा कर्ता सध्या कोण आहे हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी स्वतःच येऊन भेटलो असतो, पण बँकेतून शंभर रुपये काढले तरी 'कशासाठी?' असं विचारलं जातं, आणि 'रामाकोन्याला मामांकडे' असं लिहायची सध्या माझी छाती नाही. (हे कागद शाळेतल्या उत्तरपत्रिकांची उरलेली पानं आहेत. त्यांची नोंद कुठेच होत नाही. समासात 'परीक्षकाची सही' असं छापलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.) एक विनंती आहे. पत्र एकट्यानेच वाचा, आणि मोठ्याने वाचू नका.

पुढचं सांगण्याआधी मी कोण आहे याची तुम्हाला आठवण करून देतो. मी चोवीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. मोहगावच्या भगताने लिंबातून रक्त काढून दाखवलं होतं, तेव्हा भर बाजारात रसायनाची बाटली आणून त्याला गप्प बसवणारा मीच. भुताला वस्तुमान नसतं, वस्तुमान नाही म्हणजे वजन नाही, आणि वजन नाही त्याच्या पायाखाली पानं वाजत नाहीत, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाकडून पाठ करून घेतो. (पोरं पाठ करतात आणि चिंचेखालून जाताना पळतच जातात, ते सोडा.) तेव्हा खालचं वाचून मला कोणाच्या अंगाऱ्या-धुपाऱ्याला बसवायचा विचार मनात आणू नका. मी शुद्धीवर आहे. निदान काल दुपारपर्यंत होतो.

सुरुवात संक्रांतीला झाली. आमचा प्रफुल्ल नागपूरहून आला होता. (तो आता संगणकाच्या कंपनीत आहे. नेमकं काय करतो ते त्याने मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मान हलवली.) नेमकं त्याच दिवशी माझं आणि वंदनाचं जुंपलं होतं. पगार वीस तारखेला संपतो, तो जातो कुठे, हा आमच्या संसारातला सव्वीस वर्षांचा जुना प्रश्न. प्रफुल्ल म्हणाला, बाबा, यासाठी आता ॲप असतं, आणि त्याने घरातल्या सगळ्या फोनांत 'घरवही' नावाचं एक ॲप टाकून दिलं. वस्तू मोठी हुशार आहे. बँकेचा मेसेज आला की स्वतः वाचते, किराणा कुठला, औषध कुठलं, पेट्रोल कुठलं ते आपापल्या खान्यात घालते, महिन्याची मर्यादा ठरवून देते, आणि दर रविवारी सकाळी कोणी किती उडवले याचा अहवाल सगळ्यांना पाठवते. भाषा अगदी सरकारी. 'आपल्या कुटुंबाने या आठवड्यात दुधावर नियंत्रण ठेवले आहे, अभिनंदन.'

इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने एक अर्ज समोर धरला आणि त्यात पहिलाच रकाना निघाला, कुटुंबाचा कर्ता. आता तुम्हीच सांगा, मामाजी. समोर आई बसलेली, हातानेच चाचपून तुरीतले खडे काढते आहे. दारावर पाटी बाबूजींच्या नावाची, विजेचं बिल बाबूजींच्या नावाचं, नळपट्टी बाबूजींच्या नावाची, आणि मी तिच्यादेखत कर्ता म्हणून स्वतःचं नाव घालू? आपल्याकडे कोणी असं करतं का? जिने जन्म दिला तिला तोंडावर सांगितल्यासारखं ते, की बाई, आता या घराचा मालक मी. मी म्हटलं, लिही यशवंतराव. प्रफुल्लने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी डोळे वटारले, त्याने लिहिलं. पुढे कर्त्याचा मोबाइल नंबर. तोही दिला, कारण बाबूजींना जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचा नंबर चालू आहे. दर महिन्याला मी त्यात पैसे भरतो. लोकांना सांगतो की गॅसचे आणि बँकेचे मेसेज त्यावर येतात. खरं म्हणजे तो बंद करायला माझं बोट धजत नाही. फोन आईच्या खोलीत, बाबूजींच्या फोटोखालच्या फळीवर चार्जरला लावलेला असतो. आई आधी फोटो पुसते, मग त्याच पदराने फोन.

नियम असा होता की पाचशेच्या वरचा खर्च करायचा तर कर्त्याची मंजुरी मागायची, आणि कर्ता दोन दिवस काहीच बोलला नाही तर खर्च आपोआप मंजूर. मी मनात म्हटलं, वा! असा कर्ता कोणाच्या नशिबात असतो? बाबूजी जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी होते आणि त्यांची मूठ कशी होती ते तुम्ही जाणता. तीस वर्षं त्यांनी दिवसा कापसाच्या गाठी मोजल्या आणि घरी येऊन आमचे घास मोजले. आता मी मागायचं, दोन दिवस शांतता, आणि तिसऱ्या दिवशी 'मंजूर'. महिनाभर मी राजासारखा राहिलो.

माघ संपता संपता मी जोड्यांसाठी बाराशे रुपये मागितले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि खिशात फोन थरथरला. 'कर्ता यशवंतराव यांनी आपली विनंती नामंजूर केली आहे. शेरा: पोया झाल्यावर पाहू.'

मामाजी, घास तोंडातच राहिला. तुम्हाला तर माहीत आहे. सायकल मागितली, पोया झाल्यावर पाहू. चष्म्याला काच मागितली, पोया झाल्यावर पाहू. माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी पोळ्यापलीकडे ढकलली होती, आणि पोळा उद्यावर आलेला असला तर त्यांच्या मनात पुढच्या वर्षीचा असायचा. माघात पोळ्याची आठवण काढणारा माणूस आपल्या मुलखात एकच होता, आणि त्याला मी स्वतः अग्नी दिला होता. मी बाहेर जाऊन प्रफुल्लला फोन लावला आणि आजोबांच्या नावाने असली थट्टा करतोस म्हणून पाच मिनिटं झाडला. तो बिचारा मीटिंगमधून उठून आला होता. आईची शपथ घेऊन म्हणाला, मी काही केलं नाही. (ॲप तसं कोणाचे पैसे अडवत नाही. नामंजूर खर्च केला तर त्यापुढे लाल अक्षरात 'कर्त्याच्या इच्छेविरुद्ध' एवढंच उमटतं. पण बाबूजींच्या इच्छेविरुद्ध जोडे घ्यायची हिंमत मला ते जिवंत असताना झाली नाही, ती आता कुठून आणू? जुनेच शिवून घेतले.)

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. चैत्रात पंख्याला नकार आला, 'खिडकी उघडी ठेवा'. तिगावच्या लग्नाला आहेर म्हणून मी पाचशे एक मागितले तर उत्तर आलं, 'त्याहिनं आपल्याले हजार एक देल्ते.' मी मुकाट्याने हजार एक दिले. एकदा नागपूरला पेपर तपासायला गेलो असताना सावजीच्या खानावळीत बसलो आणि परत येऊन तो खर्च 'प्रवास व इतर' म्हणून मागितला. मंजुरी आली, शेऱ्यासकट: 'रस्सा झेपला का?' ॲपची भाषा शुद्ध, शाळा तपासणीसारखी, आणि तिच्या पोटात हा बाबूजींचा आवाज. तेही एक वेळ सोसलं असतं. पण आषाढातल्या एका रविवारच्या अहवालात सदस्यनिहाय खर्चाच्या यादीत माझं नाव, वंदनाचं नाव, आणि खाली लिहिलेलं: यशवंतराव. चहा, दोन रुपये. दाढी, पाच रुपये. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाच रुपयांत दाढी पांढुर्ण्यात कुठे होते? व्हायची, मी कॉलेजात होतो तेव्हा.

वंदनावर याचा काय परिणाम झाला ते सांगतो. बाबूजी गेल्यावर तिच्या डोक्यावरचा पदर हळूच खाली आला होता, तो पुन्हा वर गेला. फोन वाजला की ती पदर सावरायची आणि मगच वाचायची. स्वयंपाकघरात कुजबुजत बोलायची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मध्येच वळून आईच्या खोलीकडे बघायची. मी तिला खूप समजावलं की हा कुठल्यातरी यंत्राचा बिघाड आहे. ती म्हणाली, यंत्राला तिगावचा आहेर कसा माहीत? 

मी शास्त्रीय पद्धतीने तपास केला. आधी पासवर्ड बदलले. मग शंका घेतली की बाबूजींचा नंबर कंपनीने दुसऱ्याच कोणाला देऊन टाकला असेल आणि तो मनुष्य माझी मजा घेत असेल. ते पडताळायला एके दिवशी चार वाजता शाळेतून मी बाबूजींच्या नंबरवर फोन लावला. तीनदा वाजला. कोणीतरी उचलला. पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता, जुन्या माणसाचा, थोडा घरघरता. आणि मग ठोके पडले. एक, दोन, तीन, चार, पाच. आमच्या घरचं घड्याळ चार वाजता पाचाचे ठोके देतं, दुरुस्तीला दोनदा मंजुरी मिळालेली नाही. मामाजी, माझ्या तोंडून शब्द निघाला, 'बाबूजी?' संपूर्ण स्टाफरूमसमोर. भूगोलाच्या मॅडमच्या हातून खडू पडला. पलीकडून फोन ठेवला गेला, अगदी हळू, कोणी झोपलेल्या माणसाजवळून उठावं तसा.

आता मुद्द्यावर येतो. भाद्रपदात आईला नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, ते तुम्हाला कळवलंच होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. एका डोळ्याचे एकोणीस हजार, दोन्हींचे अडतीस. (शिबिरात फुकट होतं हे मलाही ठाऊक आहे. आईला ते चालत नाही. बाबूजी फुकटाची गुळाची ढेपही परत पाठवायचे.) डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने काढलेत तर आत दाब वाढेल, नस जाईल, आणि मग देव आला तरी नजर परत यायची नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून सवयीप्रमाणे मंजुरी मागितली. अडतीस हजार, कारण: आईचे डोळे. उत्तर दहा मिनिटांत आलं. नामंजूर. शेरा: 'डोये कायले पायजे? मी आहो न सांगाले.'

ते वाचून शाळा सुटताच मी घर गाठलं.  आईला विचारलं तर ती म्हणाली, मले नाही करायचं आपरेशन, आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसली. तुम्हाला माहीत आहे, ती नाही म्हणाली की बैलगाडी लावली तरी हलत नाही. गेल्या दीड महिन्यात मी चारदा मंजुरी मागितली. चारदा नकार.

शरद पौर्णिमेच्या चार दिवस आधी शाळा लवकर सुटली. मी घरी आलो तेव्हा वंदना बाजारात गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आईच्या खोलीतून एका अनोळखी बाईचा आवाज येत होता, गोड, ठसठशीत. 'हेमंत यांनी अडतीस हजार रुपयांची मंजुरी पुन्हा मागितली आहे. कारण, आईचे डोळे. होय किंवा नाही म्हणा.' मी दाराच्या फटीशी उभा राहिलो. (नंतर प्रफुल्लने कबूल केलं, महाशिवरात्रीला आला तेव्हा आजीला दिसत नाही म्हणून त्याने तो फोन बोलता आणि तिचं बोलणं टिपून घेणारा करून दिला होता आणि मला सांगायला विसरला. ही शिकलेली पिढी.) आई खाटेवर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. समोर बाबूजींची निवारीच्या पट्ट्यांची खुर्ची. खुर्चीपुढे स्टुलावर चहाचा एक कप, आईच्या हातात दुसरा. ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "आयकलं का? पोरगं पुन्हा इचारून राहिलं. काय सांगू त्याले?"

मग ती ऐकत राहिली. मामाजी, बोलणाऱ्या माणसाचं आपण कसं ऐकतो, मध्ये मान हलवतो, हं म्हणतो, तशी. एका ठिकाणी तिला हसू आलं आणि तिने तोंडावर पदर धरला. मग फोनकडे वळून स्पष्ट म्हणाली, नाही. मी खाकरलो. ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "चप्पल बाह्यर काढ. रागावते ते." मी चप्पल काढली. स्टुलावरचा कप उचलून पाहिला, रिकामा होता. (आईला साखर वर्ज्य आहे. ती दोन्ही कप पीत असावी असं मी धरून चाललो. अजून तसंच धरून चाललो आहे.)

सगळं उकललं, असं मला वाटलं. सावजीचा वास तिला माझ्या सदऱ्याला आला असणार, धुताना. तिगावचा आहेर तिच्या लक्षात असणारच. फोन तिनेच उचलला होता. दाढीचा जुना भाव तिच्याच डोक्यातला. मी हुश्श केलं आणि शेजारी बसून म्हटलं, आई, तू हे सगळं बाबूजींच्या नावानं कशाला करतेस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिने मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यानंतर मला झोप नीट लागलेली नाही.

"मी कायले करीन? ते सांगते तसं मी सांगून देतो. तू मले धुकट दिसतं, बापू. वंदना धुकट दिसते. भित्त धुकट दिसते. हे तेवढे लख्ख दिसते. मानीवरचा तीळ दिसते. पह्यलं वर्ष मी एकटीच होती न रे. मंग डोयावर हे धुकं आलं, अन् धुक्यात हे आले. तो डाक्टर धुकं काढतो म्हणते. मंग हे कुठी जातीन?"

मी तिला समजावलं. मी काय बोललो ते मला आठवत नाही, बहुतेक डोळ्याच्या भिंगाची आकृतीच सांगितली असेल. शेवटी निकराने म्हटलं, ऑपरेशन केलं नाहीस तर काही महिन्यांत पूर्ण अंधार होईल, मग धुकंही नाही आणि बाबूजीही नाहीत. ती शांतपणे म्हणाली, "अंधारात त अजून चांगले दिसतीन."  मी विज्ञानाचा शिक्षक आहे आणि त्या खुर्चीकडे पाठ करून मला त्या खोलीतून बाहेर पडवेना. मी उलटा चालत बाहेर आलो.

एक गोष्ट कबूल करतो, ही मामीजींनासुद्धा सांगू नका. दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली असताना मी वंदनाची पांढरी ओढणी दुहेरी करून डोळ्यांवर धरली आणि त्या खुर्चीसमोर उभा राहिलो. सगळं धुकट झालं. मी बराच वेळ उभा होतो. मला वाटलं होतं, मलाही दिसतील. दोन वर्षांत मी एकदाही रडलो नव्हतो, कारण तेराव्यापर्यंत माणसांचं बघायचं होतं आणि नंतर बँकेच्या कागदांचं. मला काही दिसलं नाही. वंदनाला मात्र मी दिसलो. ती दारात पिशवी घेऊन उभी होती. काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही म्हणजे प्रकरण किती थराला गेलं ते समजा.

त्या दुपारी तिनेच सुचवलं की या सगळ्याचं मूळ ते ॲप आहे. बाबूजींना त्यातून काढून टाका, म्हणजे विचारणं थांबेल आणि आईंचं बोलणंही थांबेल. मला पटलं. काल तिसऱ्या तासाला, पोरांना आकृती काढायला लावून मी 'सदस्य काढा' शोधलं, बाबूजींच्या नावावर बोट ठेवलं आणि दाबलं. ॲप म्हणालं, 'विनंती कर्त्याकडे मंजुरीसाठी पाठवली आहे.' आधी मला हसू आलं. मग एकदम कळलं की आता घरी, आईच्या खोलीत, ती गोड आवाजाची बाई काय बोलत असेल. मामाजी, मी वर्ग तसाच सोडला. स्कूटर घरी होती, कारण पेट्रोलवर कर्त्याची नजर असते. मी पळालो. बाजारातून, एकोणपन्नास वर्षांचा मास्तर, भर दुपारी. शिवून घेतलेल्या जोड्याचा तळ किराणा दुकानाजवळ निघाला, तो हातात घेऊन पळालो. लोकांना वाटलं घरात काही झालं. मलाही तेच वाटत होतं.

घरी पोचलो तर ती बाई तेच तेच म्हणत होती. 'हेमंत यांना यशवंतराव यांना कुटुंबातून काढायचे आहे. होय किंवा नाही म्हणा.' थोडं थांबायची, पुन्हा म्हणायची. आई मांडीवर हात ठेवून बसली होती. स्टुलावरचा कप भरलेला, वर साय धरलेली. मी दारातच उभा राहिलो. आई म्हणाली, "त्याहिनं आयकलं." मी विचारलं, काय म्हणाले? (मी विचारलं. मी, भगताला बाटली दाखवणारा.) ती म्हणाली, "काही नाही म्हणाले. उठले अन् दाराकडं तोंड करून बसले. आज चाय बी नाही घेतला." निवारीची खुर्ची खरंच दाराकडे वळलेली होती. आईनेच वळवली असेल. मी फोन काढून विनंती मागे घेतली, तिसऱ्यांदा जमलं. आणि मग त्या रिकाम्या खुर्चीसमोर, हातात जोड्याचा तळ घेऊन, मी मोठ्याने म्हटलं, चुकलं, बाबूजी. पाय धुवून परत आलो तर कप रिकामा होता. वंदनाला विचारलं, तू उचलून ओतलास का? ती म्हणाली, मी त्या खोलीत आता जाते तरी का.

असं आहे सगळं. मन मोकळं करायला तुमच्याशिवाय दुसरं मोठं माणूस मला उरलं नाही, म्हणून लिहिलं. दुसरं काही मागणं नाही. थंडी पडायला लागली आहे, सकाळी ओलित करायला जाताना कान बांधत जा. मामीजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
हेमंत

ता. क. मागणं नाही असं लिहिलं खरं, पण ते खोटं आहे. एक मागणं आहे आणि त्यासाठीच हे आठ पानांचं रडगाणं. हे पत्र आमच्या शाळेतले अनिल सर आणून देतील, ते शनिवारी गावाकडे येतात. त्यांच्याजवळ एक बंद पाकीटही दिलं आहे. त्यात अडतीस हजार आहेत. ते वंदनाच्या भिशीचे, बांगड्यांसाठी ठेवलेले, रोख, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्न नाही. भाऊबीजेला तुम्ही येणारच आहात. आई ओवाळेल तेव्हा ते पाकीट ताटात टाका आणि म्हणा, यंदा बाग चांगली गेली, ही तुझ्या डोळ्यांची ओवाळणी. बाबूजींनी उभ्या जन्मात आमच्या घरात एकच हिशेब कधी विचारला नाही, तो म्हणजे आईच्या माहेरून आलेल्या वस्तूचा. त्या पैशाला त्यांची मंजुरी लागत नाही, आणि भावाची ओवाळणी आईला परत करता येत नाही. दुसरा रस्ता मला दिसत नाही. तुमच्या बहिणीची नजर आता तुमच्या हातात आहे, मामाजी. मला माझी आई आंधळी झालेली बघवणार नाही. ती चार महिन्यांनी प्रफुल्लचं तोंड हाताने चाचपून ओळखते आहे, हे मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही.

पुन्हा ता. क. पत्राचं पाकीट चिकटवून झालं होतं, ते पुन्हा फोडून लिहितो आहे. वरचा मजकूर मी वंदनाला स्वयंपाकघरात हळू आवाजात वाचून दाखवला. आईचे डोळे गेले तसे कान तीक्ष्ण झाले आहेत हे मी विसरलो. आज सकाळी तिने मला हाक मारली. मला वाटलं आता काही खरं नाही. ती म्हणाली, "गुणवंताले चिठ्ठी लिहून राहिला न? मंग एवढं अजून लिही. त्याले म्हणा, एकाच डोयाचं करू. उजव्याचं. डावा राहू द्या." मी विचारलं, अगं, डावा कशाला ठेवायचा? ती खुर्चीकडे न बघता, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "एक तुमच्यासाठी, बापू. एक त्याहिच्यासाठी."  डॉक्टरांना काय सांगायचं ते मी बघेन. तुम्ही एकोणीस हजारच ताटात टाका, बाकीचे वंदनाला परत द्या, आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, पाडव्यालाच या; त्या दिवशी आई कोणाला ओवाळेल याची मला धास्ती आहे.